ओढ्याची तुटक रेघ

त्याला सगळे रेघोट्या म्हणत. हे नाव आत्याने ठेवलेलं. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली, वडील खाणीच्या पाळ्यांमध्ये अडकलेले, म्हणून तो आत्याकडे वाढला. खडू, खिळा, विझलेला कोळसा, हाताला लागेल त्याने तो भिंतींवर रेघा ओढत बसायचा. आत्या दवाखान्यात सुईण होती. अर्धी वस्ती तिने पायाला धरून या जगात आणलेली, त्यामुळे ती कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही. खाणीच्या मॅनेजरलासुद्धा ती अरे-तुरे करायची. "याच्या पाठीत पहिला धपाटा मीच घातलाय. त्याशिवाय हा रडत नव्हता. आता कसलं अहो-जाहो," असं म्हणायची.

रेघा ओढता ओढता तो शिकला आणि खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायला लागला. दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी त्याचं टेबल. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं, मग कॉम्प्युटर आणि खोलीभर कुरकुरणारा मोठा प्रिंटर. त्याची रेघ कधी हलली नाही, अशी त्याची ख्याती होती. रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचं काम त्याचं. आवाज स्वच्छ, घाई नाही. शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जायचं. चर्चच्या मंडळीने त्याला चाळिशीतच वडील म्हणून, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांत, निवडलं होतं. बायको शाळेत शिकवायची, एकुलती मुलगी कॉलेजात. माणूस सरळ, अशी एकूण समजूत होती. त्याची स्वतःचीही.

चर्चच्या मागे डोंगर होता आणि डोंगरातून एक ओढा यायचा. खडकाखाली त्याचा डोह झालेला. या मंडळीत बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून देत, आणि तो याच डोहात. त्याचा झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पाणी इतकं गार, की वर आल्यावर 'आमेन' म्हणायच्या ऐवजी तो "अगं आई गं" म्हणाला आणि काठावरची सगळी मंडळी हसली. आत्याने त्याला चादरीत गुंडाळलं आणि म्हणाली, "आई नाही रे, मी आहे. पूस डोकं."

इतकी वर्षं खाण जमिनीखाली होती. मग कंपनीने ठरवलं, की डोंगराच्या अंगाला उघडी खाण खणायची. झाडं काढायची, माती बाजूला करायची आणि वरूनच कोळसा उपसायचा. त्यासाठी परवानगी लागणार होती, आणि परवानगीला नकाशा. त्या उन्हाळ्यात रेघोट्या स्वतः मोजणीच्या माणसांबरोबर डोंगरावर गेला. डोहात काठी धरून पाणी मोजलं. कंबरेइतकं होतं. फील्डबुकात आपल्या हाताने लिहिलं: ओढा बारमाही, प्रवाह चालू. ऑफिसात येऊन त्याने नकाशात ओढा काढला. बारमाही ओढा म्हणजे अखंड निळी रेघ.

दोन दिवसांनी मोजणीसाहेब त्याच्या टेबलापाशी आले. हे त्याचे वरिष्ठ, बोलायला मऊ. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पडद्यावरच्या निळ्या रेघेकडे बघत बसले. बारमाही ओढ्यापासून ठरावीक अंतर सोडूनच खणावं लागतं, नुसता हंगामी नाला असला तर तो वळवता येतो, हे दोघांनाही तोंडपाठ होतं.

"उन्हाळ्यात पाणी असतं का रे याला?" साहेबांनी विचारलं.

त्याने 'असतं' म्हणायला तोंड उघडलं. साहेब त्याच्याकडे बघत होते. त्याच महिन्यात ऑफिसातल्या दोघांना घरी पाठवलं होतं.

"कमी असतं," तो म्हणाला.

"मग बघ तूच," साहेब म्हणाले आणि उठून गेले.

बस, एवढंच. धमकी नाही, लालूच नाही. त्याने रेघ निवडली आणि अखंडची तुटक केली. तुटक निळी रेघ म्हणजे हंगामी नाला. काम दोन बोटांचं होतं. मग तो डबा खायला गेला, आणि खाता खाता स्वतःला सांगत राहिला की कमी असतं हे काही खोटं नाही, पावसाळ्यापेक्षा कमीच असतं की.

जनसुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. कंपनीची माणसं पुढच्या रांगेत, खाणीतले कामगार उजवीकडे, डोंगराच्या पायथ्याची कुटुंबं डावीकडे. रेघोट्या कामगारांच्या मागे भिंतीला टेकून बसला होता. पडद्यावर नकाशा आला. त्याचाच. खाली कोपऱ्यात त्याच्या सहीची अक्षरं इतकी बारीक होती, की त्याच्याशिवाय कुणाला दिसली नसती.

आत्या उठली. सत्तर ओलांडली होती, पण आवाज खणखणीत. "त्या ओढ्याला बाराही महिने पाणी असतं. आम्ही तिथे बाप्तिस्मे देतो. खालच्या सगळ्या विहिरी त्याच्यावर जगतात. तुम्ही त्याला नाला कसं म्हणता?"

सुनावणीचे अधिकारी कागद चाळत म्हणाले, "बाई, नकाशात तो हंगामी आहे. मोजणी करूनच नकाशा झालाय."

"नकाशाचं मला नका सांगू. माझा भाचा याच कंपनीत नकाशे काढतो. तो बघा, तिथे बसलाय. आम्ही त्याला त्याच पाण्यात बुडवून काढलाय. विचारा त्यालाच."

लोक हसले. माना वळल्या. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "काय हो? तुमचं काय म्हणणं?"

तो उभा राहिला. पुढच्या रांगेत मोजणीसाहेबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, त्यांच्या मानेची मागची बाजू तेवढी दिसत होती. आणि डावीकडे आत्या, दोन्ही हात पोटावर बांधून, अगदी निर्धास्त उभी.

"नकाशा मोजणीप्रमाणेच आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

आत्या क्षणभर उभीच होती. मग तीही बसली.

बाहेर पडल्यावर तिनेच त्याला गाठलं. त्याचा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं रे. तुझी नोकरी आहे, घर आहे, आणि मी चारचौघांत तुला ओढलं. माफ कर मला." तिला वाटत होतं, नकाशा दुसऱ्याच कुणी केला असेल आणि हा नुसता घाबरला. तो "असू दे गं" म्हणाला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि ती गेली. रेघोट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

परवानगी मिळाली. डोंगराच्या अंगाला यंत्रं चढली. आत्याने आणि चर्चच्या पाळकांनी दर शुक्रवारी खाणीच्या फाटकापाशी प्रार्थनेला बसायला सुरुवात केली. पाळक तरुण होते, दम्याचे, बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायचे. ते म्हणायचे, "ही जमीन आपल्याला राखायला दिलीय. विकून खायला नाही." घरून आणलेल्या खुर्च्या टाकून आठदहा माणसं तिथे बसत, दोन गीतं म्हणत आणि पाण्यासाठी, डोंगरासाठी प्रार्थना करत. खाणीतल्या माणसांसाठीसुद्धा करत. त्या प्रार्थनेत आत्या भाच्याचं नाव घ्यायची, हे त्याला बायकोकडून कळलं.

शुक्रवारी तो मागच्या फाटकाने जायला लागला. तिथला पहारेकरी मिश्कील होता. त्याला येताना पाहिलं की म्हणायचा, "आज शुक्रवार वाटतं, साहेब." एकदा तर तो गुरुवारीच चुकून मागून आला आणि पहारेकऱ्याने मुद्दाम कॅलेंडर बघितलं.

रविवारी शास्त्रपाठ वाचताना तो ओळीवरून डोळे उचलेनासा झाला. आवाज तसाच स्वच्छ. पण वाचून झाल्यावर जागेवर येईपर्यंत त्याला त्या चार पावलांचं ओझं व्हायचं. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं नाही का? झोपेत दात खाता." त्याने दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो असं सांगितलं, आणि खरंच जाऊन आला.

वर्षभरात ओढा गेला. एकदम नाही. आधी गढूळ झाला, मग काळा, मग डोहात घोट्याइतका गाळ उरला. खालच्या वस्तीतल्या विहिरी एकामागून एक आटल्या. गवंडी म्हणून एक माणूस होता, चर्चची भिंत त्यानेच बांधलेली. त्याची विहीर पहिली गेली.

आणि नेमका त्याच वर्षी रेघोट्याच्या मुलीने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. ती आणि आणखी दोघं. डोहात तर बुडवण्याजोगं पाणी नव्हतं. मंडळीच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं, की चर्चच्या आवारात मोठी प्लास्टिकची टाकी उभी करू. पण पाणी कुठून आणायचं? सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कंपनी आता वस्तीत टँकर पाठवत होती, उपकार केल्यासारखी. "तुमच्या शब्दाने एक टँकर येईल," पाळक संकोचत म्हणाले. तो हो म्हणाला. नाही कसं म्हणणार?

रविवारी सकाळी टँकर आला. दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव, हिरव्या अक्षरांत, शेजारी एक पानही काढलेलं. टाकीत पाइप धरून उभं राहायचं काम त्याच्याकडे आलं, कारण ड्रायव्हर त्यालाच ओळखत होता. टाकी भरत होती आणि मंडळी भोवती गीत म्हणत होती. आत्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणत नव्हती.

मुलगी पांढऱ्या कपड्यांत शिडीने टाकीत उतरली. पाळकांनी तिला मागे झुकवलं, पाण्याखाली नेलं, वर आणलं. तिने चेहऱ्यावरचं पाणी निपटलं आणि समोर बापाला बघून हसली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "पाण्याला डिझेलचा वास येतोय." तक्रार नव्हती ती. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुललेला होता.

त्याच्या हातातून अजून वाहता असलेला पाइप सुटला. बूट, विजार, सगळं भिजलं. लोकांना वाटलं, मुलीच्या बाप्तिस्म्याने बापाचा ऊर भरून आला. दोघांनी तर पाठीवर थोपटलं.

त्या दुपारी जेवण न करताच तो आत्याकडे गेला. ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, बादलीतल्या पाण्याने, काटकसरीने. तो दारात उभा राहिला.

"आत्या, तो नकाशा मी केला होता."

"कुठला नकाशा?"

"ओढ्याचा. सुनावणीत दाखवला तो. मी मोजणीला गेलो होतो. पाणी कंबरेइतकं होतं. मी तसं लिहिलंही होतं. मग बदललं."

ती विसळायची थांबली. "कुणी सांगितलं बदलायला?"

"कुणी नाही. साहेबांनी विचारलं, पाणी असतं का. मी म्हटलं, कमी असतं."

तिने ओरडावं, निदान एक धपाटा घालावा, असं त्याला वाटत होतं. ती खाली स्टुलावर बसली. ओले हात मांडीवर तसेच.

"आणि मी तुझी माफी मागितली," ती म्हणाली.

तो बादलीतल्या पाण्याकडे बघत होता.

"तुझा हात धरून मागितली. तू 'असू दे' म्हणालास."

"आत्या, मला माफ कर."

"नको," ती म्हणाली. रागाने नाही, दमल्यासारखी. "आत्ता नको मागूस. मी घाईघाईत हो म्हणेन आणि तू मोकळा होशील. मला सांगून काय होणार? मी नकाशे पास करते का? जिथे खोटं बोललास तिथे जाऊन बोल." मग उठून पुन्हा भांड्यांना लागली. "आणि जेवला नसशील तर घरी जाऊन जेव. पोरीचा आज दिवस आहे. तिच्यासमोर हा चेहरा घेऊन बसू नकोस."

मंडळीतर्फे एका वकीलबाईंनी परवानगीविरुद्ध अपील केलेलं होतं. हाताशी फारसा पुरावा नव्हता, सगळी भिस्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर. रेघोट्या त्यांच्याकडे फील्डबुक घेऊन गेला. ते वर्षभर त्याच्याच कपाटात पडून होतं. फाडायचा धीर झाला नव्हता आणि दाखवायचाही. वकीलबाईंनी पानं उलटली, त्याच्याकडे वर पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कळतंय ना, यात तुमचं काय होईल?" बायकोला त्याने आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. ती खूप रडली होती, नोकरीसाठी नाही. "वर्षभर माझ्या शेजारी झोपत होतात तुम्ही," एवढंच म्हणाली होती.

अपिलाच्या सुनावणीत कंपनीचे वकील त्याला हसतमुखाने म्हणाले, "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात आणि आता खरं बोलताय. मग आम्ही कुठल्या वेळच्या तुमच्यावर विश्वास ठेवायचा?"

मागे कुणीतरी हसलं. "माझ्यावर ठेवू नका," तो म्हणाला. "फील्डबुकावर ठेवा."

"तुमच्यावर कुणी दबाव आणला?"

इथे मोजणीसाहेबांचं नाव घेणं सोपं होतं. वकीलबाईही वाट बघत होत्या. त्याने घडलं तसं सांगितलं. साहेबांचा प्रश्न, आपलं उत्तर, पुढचं काम. "दबाव आणायची वेळच आली नाही," तो म्हणाला.

निकाल अर्धामुर्धा लागला. उघड्या खाणीचा दुसरा टप्पा रद्द झाला. डोंगराची पलीकडची बाजू आणि तिकडच्या दोन वस्त्या वाचल्या. पहिला खड्डा खणून झालाच होता, तो बुजवा म्हणाले, पण ओढा कुणी परत आणून देऊ शकत नव्हतं. रेघोट्याला कंपनीने त्याच आठवड्यात काढलं.

पुढच्या रविवारी पाळकांनी त्याला पुढे बोलावलं. "आपल्यातल्या एका भावाने मोठं धैर्य दाखवलं," ते म्हणाले आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये एरवी टाळ्या वाजत नसत. तो त्या आवाजात उभा होता आणि त्याला वाटलं, शाळेच्या हॉलमध्येसुद्धा इतकी लाज वाटली नव्हती. तिसऱ्या बाकावर आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती.

"थांबा," तो म्हणाला. टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "मी काय केलं ते तुम्हाला पुरतं माहीत नाही."

त्याने सांगितलं. कोर्टात सांगितलं होतं ते, आणि जे कोर्टाने विचारलं नव्हतं तेही. मागच्या फाटकाचं. आत्याच्या माफीचं. टँकरचं. शास्त्रपाठ वाचायचा त्याचा आवाज प्रसिद्ध होता, पण त्या दिवशी मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही. गवंडी मध्येच उठला आणि बायकोला घेऊन निघून गेला. दार त्याने आपटलं नाही, हळू लावलं, आणि ते रेघोट्याला जास्त लागलं.

उपासना संपल्यावर डंपरचा ड्रायव्हर त्याच्यासमोर आला. हा खाणीतला माणूस, दुसऱ्या टप्प्याच्या भरवशावर दुसरीकडची नोकरी सोडून आलेला. आता तो घरी बसणार होता.

"तू पहिल्याच दिवशी खरं बोलला असतास," तो म्हणाला, "तर मी इथे आलोच नसतो. पोरांची शाळा बदलली मी. त्यांना तुझा ओढाही मिळाला नाही आणि मला कामही नाही."

"हो," रेघोट्या म्हणाला.

"हो काय?"

"तुझं खरं आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही बोलायला."

काहीतरी भांडण होईल या तयारीने ड्रायव्हर आला असावा. मग खांदे पाडून निघून गेला. महिन्याभरात त्यांनी घर सोडलं. सामान चढवायला रेघोट्या गेला होता. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नाही. कपाटाचं एक टोक त्याने धरलं, दुसरं ड्रायव्हरने, आणि जिन्यावरून उतरताना "जरा डावीकडे," "सांभाळून," एवढंच काय ते बोलणं झालं.

आता तो जमिनीच्या मोजणीच्या एका लहान ऑफिसात बसतो. लोकांच्या घरांच्या हद्दी काढून देतो. दर महिन्याला दोर आणि वजन घेऊन खालच्या वस्तीतल्या विहिरींची पातळी मोजतो आणि वकीलबाईंना पाठवतो, कारण खड्डा नीट बुजवला जातोय की नाही हे पाहायला आकडे लागतात. गवंड्याच्या विहिरीत अजून पाणी नाही. तिथेही तो जातो, दोर सोडतो, तळाला लागलेला आवाज ऐकतो आणि लिहितो. गवंडी ओट्यावर असला तर आत निघून जातो.

आत्या पुष्कळ दिवस त्याच्याकडे आली नाही. मुलगी नर्सिंगच्या शिक्षणाला बाहेर निघाली तेव्हा आली, नातीसाठी. जेवायला बसली, त्याने वाढलेलं तिने खाल्लं, मीठ कमी आहे म्हणाली. पूर्वीसारखी खणखणीत नाही, पण म्हणाली. जाताना उतारावर तिने त्याच्या दंडाला धरलं, कारण गुडघा दुखत होता.

शास्त्रपाठ आता दुसरा कुणी वाचतो. वर्षातून एकदा पाळक विचारतात, परत सुरू करणार का. तो म्हणतो, यंदा नको. नवीन आलेल्या लोकांना हा त्याचा नम्रपणा वाटतो आणि ते बायकोपाशी त्याचं कौतुक करतात. तेव्हा ती काहीतरी काम आठवल्यासारखं करून आत निघून जाते, आणि तो तिथेच उभा राहून ते कौतुक शेवटपर्यंत ऐकून घेतो.